विरी गेलेले पीठ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुमारास परदेशी निघालेल्या फराळाच्या खोक्यांच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांतून दरवर्षी येतात. आपल्या पत्रातील अशा बातम्या मी आवर्जून वाचते, कारण त्यांतले एखादे खोके आमच्याही घरी येते. मात्र जर्मनीतील श्टुटगार्ट येथे अकरा वर्षे राहिल्यावर एक गोष्ट आपल्या वाचकांपुढे मांडावीशी वाटते. परदेशातल्या मराठी माणसाचा जीव सणासुदीच्या पदार्थांसाठी कासावीस होतो, असा जो समज या बातम्यांमधून होतो तो अपुरा आहे. चकली-चिवडा कुरियरने येतो. गणपती मंडळाच्या सभागृहात बसतात, पाडव्याला आम्ही साड्या नेसून एकत्र जमतो, आणि सण कधी कधी गावाकडच्यापेक्षाही जोरात होतो. आठवण येते ती मधल्या साध्या दिवसांची, मंगळवारच्या संध्याकाळची, आणि ज्यांना आपण गावात असताना सुख म्हणून कधी मोजलेही नव्हते अशा गोष्टींची.

मी मूळची सोलापूरची. आमच्या घरी ज्वारी मंगळवेढ्याकडची, मालदांडी, आणि दळण आठवड्याला. डबा डोक्यावर किंवा सायकलच्या मागे बांधून गिरणीत न्यायचा, नंबर लावायचा, आणि परत आणताना त्या पिठाची ऊब पत्र्याच्या डब्यातून हाताला लागायची. त्या पिठाची भाकरी आई बोलता बोलता थापत असे, आणि ती परातीत गोल फिरत मोठी होत जाई. कडेला चीर पडलेली मी क्वचितच पाहिली. लग्नानंतर इथे आले आणि आशियाई वस्तूंच्या दुकानातून ज्वारीच्या पिठाचे पाकीट मोठ्या हौसेने विकत आणले. पहिली भाकरी हातातच तुटली, दुसरी तव्यावर टाकताना तुटली. तिसऱ्या भाकरीला मी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. फोनवर आईने एकाच वाक्यात निदान केले, "अगं, पिठाची विरी गेलीय." महिनोन्‌महिने पाकिटात बंद राहिलेल्या पिठाला चिकटपणा राहत नाही, हे ज्वारी खाणाऱ्या घरांत लहान मुलीलाही ठाऊक असते, पण विरी हा शब्द मला खऱ्या अर्थाने कळला तो घरापासून हजारो मैलांवर. मग आईने उकड काढायला शिकवले. उकळत्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून त्यात पीठ टाकायचे, झाकण ठेवायचे, आणि कोमट असतानाच मळून घ्यायचे. इथल्या स्वयंपाकघरात काचेच्या सपाट पृष्ठाची विजेची शेगडी असते, जाळ नसतो, त्यामुळे भाकरी तव्यावरच कापडाने दाबून दाबून फुगवावी लागते. आता ती जमते. तिला भाकरी म्हणता येईल इतपत ती नक्कीच बरी होते. तरीही गावाकडून येणाऱ्या कोणाच्या सामानात सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली, तर त्या दिवशी आमच्या घरी दुसरे काही शिजत नाही.

या सामानाविषयी मला आपल्या वाचकांशी, विशेषतः ज्यांची मुले युरोपात आहेत अशा आई-वडिलांशी, थोडे स्पष्ट बोलायचे आहे. युरोपीय संघात भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दूध, दुधाचे पदार्थ आणि मांस बरोबर आणता येत नाही. म्हणजे घरचे तूप, पेढे, खवा, बासुंदी यांना वाट नाही. 14 डिसेंबर 2019 पासून ताज्या वनस्पतींबाबतही नियम कडक झाले. अननस, नारळ, केळे, खजूर आणि ड्युरियन ही पाच फळे वगळली, तर ताजी फळे, भाज्या किंवा पाने वनस्पती आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत. त्यामुळे नारळ चालतो, पण खिशातली कढीपत्त्याची डहाळी चालत नाही. माझे वडील सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा इकडे आले, तेव्हा आईने महिनाभराची साय साठवून, लोणी काढून कढवलेले तूप स्टीलच्या डब्यात भरून, त्याभोवती धोतराचा तुकडा गुंडाळून दिले होते. विमानतळावर तो डबा काढून घेतला गेला. अधिकारी सौजन्याने वागले, त्यांनी नियम पाळला, त्यांचा काहीच दोष नव्हता. पण त्या रात्री वडील जेवले नाहीत. आईला काय सांगायचे, याची त्यांना चिंता होती. ती चिंता इतर कोणाच्या वडिलांना करावी लागू नये, एवढ्यासाठी मी हे लिहीत आहे. आंब्यांबाबत तर 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून हापूससह सगळ्याच भारतीय आंब्यांना बंदी घातली होती, आणि ती पुढच्या वर्षी उठली. त्या साली आमच्या ओळखीच्या घरांत डब्यातल्या रसावर अक्षय्यतृतीया झाली.

खरे सांगायचे तर तूप पाठवण्याची गरजही नाही. जर्मनीत विरजलेल्या सायीचे लोणी साध्या किराणा दुकानात मिळते. ते मंद आचेवर कढवले की घरच्या तुपाच्या अगदी जवळ जाणारे रवाळ तूप होते, आणि बेरीसुद्धा निघते. क्वार्क नावाचा इथला दह्यासारखा पदार्थ पंचात बांधून रात्रभर टांगून ठेवला की त्याचा चक्का होतो आणि श्रीखंड जमते. ही दुधाची तहान ताकावर भागवणे असेल, पण ताक चांगले आहे. जिभेच्या बहुतेक अडचणींवर इथल्या प्रत्येक मराठी घराने असा काही ना काही तोडगा काढलेला आहे, आणि म्हणूनच फराळाच्या बातम्या वाचताना मला वाटत राहते की जी उणीव भरून निघते तिच्याविषयी आपण फार लिहितो.

न भरून निघणारी उणीव आवाजांची आहे. इथे रविवारी दुकाने बंद असतात. रविवारच्या विश्रांतीला जर्मनीच्या राज्यघटनेतच संरक्षण आहे. 1919 च्या वायमार घटनेतील ते कलम 1949 च्या घटनेत तसेच घेतले गेले. त्यामागचा विचार मला पटतो आणि कष्टकऱ्याला हक्काचा एक दिवस मिळावा याचा मला आदर आहे. परंतु डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, खिडक्या बंद, रस्ता रिकामा, आणि घरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येतो. अशा वेळी मला आठवते ती आमच्या गल्लीतली सकाळ. दूधवाल्याच्या किटलीची कडी, नळाला पाणी आल्यावर घागरी-बादल्यांची घाई, "मेथीऽऽ, चाकवत, कोथिंबीर" अशी एका सुरात चढत जाणारी भाजीवालीची हाक, आणि भाजी घेतल्यावर न मागता वर टाकलेल्या चार मिरच्या. भर उन्हाळ्यात डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याचा आवाजही त्यातलाच. इथल्या घरांना छताचा पंखा बहुधा नसतो, आणि माझ्या नवऱ्याला पहिले वर्षभर त्या आवाजावाचून झोप लागत नसे. तो बार्शीचा आहे. अंगावर मात्र आम्ही दोघेही अजून सोलापुरी चादरच घेतो, थंडीत जाड दुलईच्या आत.

आवाजांबरोबर माणसांचे येणे गेले. साखर संपली म्हणून वाटी घेऊन येणारी शेजारीण, आणि ती वाटी रिकामी परत कशी द्यायची म्हणून त्यात घातलेला सांजा, हा व्यवहार इथे नाही. दाराची घंटा न ठरवता वाजली तर ती पार्सलवाल्याची असते. खंत याची वाटते की आम्ही मराठी माणसेही आता एकमेकांकडे जाताना आठवडाभर आधी निरोप पाठवतो, आणि आलेल्या माणसाला "जेवूनच जा" म्हणण्याची संधीच येत नाही, कारण जेवणाचे आधीच ठरलेले असते.

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत मला ताप आला. नवरा कामानिमित्त दुसऱ्या शहरात, मुलगी पाच वर्षांची, आणि वार रविवार. औषध मिळाले, कारण इथे पाळीपाळीने एखादे औषधांचे दुकान रविवारीही उघडे असते. अडचण औषधाची नव्हतीच. मला मऊ भात हवा होता, त्यावर मेतकूट आणि तूप, आणि तो मला स्वतः उठून करायचा नव्हता. घरात तांदूळ होता, मेतकूट होते, तूपही होते. कोणीतरी तो भात कालवून ताटली पुढे ठेवावी, "दोन घास खाऊन घे" म्हणावे, एवढेच नव्हते. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या सत्तरीच्या जर्मन बाईंनी आमच्या दाराच्या मुठीला पिशवी अडकवून ठेवली. त्यात झाकणाच्या बरणीत भाज्यांचे गरम सूप होते आणि "घंटा वाजवली नाही, झोपमोड होईल" अशी चिठ्ठी होती. मुलीला दोन दिवस बाहेर खेळताना न पाहून त्यांनी ओळखले होते. ते सूप मी मेतकूट घालून प्यायले. त्यांच्याशी माझे नाते त्या दिवसापासून बदलले. आता घंटा न वाजवता त्यांच्या दाराला मी लिंबाच्या लोणच्याची बरणी अडकवते.

त्या आजारपणात एक गोष्ट मला पहिल्यांदाच स्वच्छ दिसली. घरचे सुख म्हणून मी जे जे आठवत होते, ते दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने होत होते. गरम भाकरी आईच्या पहाटे उठण्याने होती. घासलेली भांडी दोन घरे करून आमच्याकडे येणाऱ्या मावशींमुळे होती, आणि त्यांना स्वतःच्या तापात सुट्टी मागताना किती ओशाळे व्हावे लागे हे मी पाहिले होते. ताज्या पिठामागे नखशिखांत पांढरा झालेला, खोकणारा गिरणीवाला होता. माझ्या भावाने आयुष्यात एकदाही भाकरी थापली नाही, आणि त्याला त्याची वाण कधी भासली नाही. हे आता लिहिताना त्या आठवणींची गोडी कमी होत नाही, पण तिच्यात त्या माणसांचे चेहरे मिसळले आहेत. गावी गेले की मी मावशींकडे आधी जाते.

आनंदीबाई जोशी 1883 साली वैद्यक शिकायला अमेरिकेत गेल्या तेव्हा त्यांना पत्राच्या उत्तरासाठी आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. फिलाडेल्फियाच्या थंडीत त्यांनी आपला पोशाख आणि शाकाहार सांभाळला, 1886 मध्ये पदवी मिळवली, आणि क्षयाने खंगलेल्या अवस्थेत परत येऊन फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात देह ठेवला. त्यांची आठवण झाली की आम्हाला फोन उपलब्ध आहे हे किती मोठे भाग्य आहे याची जाणीव होते. पण त्या फोनचाही आपण सणच करून टाकला आहे. रविवारी दुपारी सगळे चांगले कपडे घालून पडद्यासमोर बसतात, "जेवलात का, हवा कशी आहे" असे विचारून होते, आणि दहा मिनिटांत बोलणे संपते. आमच्याकडे गेल्या दोन वर्षांपासून आई वेगळे करते. हिवाळ्यात इथली घड्याळे भारतापेक्षा साडेचार तास मागे असतात. माझी दुपारी जेवणाची सुट्टी होते तेव्हा तिची संध्याकाळ झालेली असते. ती फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि आपल्या कामाला लागते. माझ्याशी ती फारसे बोलत नाही. मला फोडणीची चरचर ऐकू येते, कुकरची शिट्टी ऐकू येते, शेजारच्या काकू दारातून "वहिनी, विरजण आहे का?" म्हणून विचारतात तेही ऐकू येते. सुट्टीच्या दिवशी माझी मुलगी जवळ बसलेली असते. आमच्या घरी प्रेशर कुकर आहे, पण शिट्ट्या मोजायला ती आजीच्या कुकरवरून शिकली, आणि तिसरी झाली की इथून ओरडून सांगते, "आजी, गॅस बंद कर!"

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी हा असा फोन स्वयंपाकघरात लावून बघावा, त्यासाठी बोलायला विषय लागत नाही. आणि दुसरी विनंती आपल्या वृत्तपत्राला आहे. जर्मनीत विद्यापीठांचे हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते, म्हणजे महाराष्ट्रातली मुले-मुली ऑगस्ट-सप्टेंबरात बॅगा भरत असतात. त्यांना काय नेता येते आणि काय नेता येत नाही, तिथल्या लोण्याचे तूप कसे कढवावे, मेतकूट किती दिवस टिकते, आजारी पडल्यावर एका भांड्यात मऊ भात कसा लावावा, एवढी माहिती देणारे छोटे सदर आपण त्या दोन महिन्यांत चालवावे, आणि ते मुलग्यांसाठीही आहे असे त्यात ठळकपणे छापावे. विरी गेलेल्या पिठाची भाकरी काचेच्या शेगडीवर कशी करावी, हा मजकूर मी आनंदाने लिहून पाठवीन.

आपली नम्र,
एक वाचक
(श्टुटगार्ट, मूळ गाव सोलापूर)