आधी अर्थिंग बघा!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘बीवायडी हान’ आणि ‘झीकर ००१’ या दोन उंची चिनी विजेच्या गाड्यांची तुलना आपल्या रविवारच्या पुरवणीत आली होती. पुण्याच्या भाच्याने ते पान मला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. मी मूळचा इचलकरंजीचा. सूतगिरण्यांत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स करण्यात उमर गेली आणि गेली नऊ वर्षं अदिस अबाबाजवळच्या एका कापड गिरणीत तेच चाललंय. लेखाच्या शेवटी जाता जाता एक वाक्य आहे : ‘आफ्रिकेतून आयात करणाऱ्यांनीही झीकरच घ्यावी.’ त्या वाक्यापायी हे पत्र लिहायला बसलो.

शून्य ते शंभरचा वेग झीकर ३.८ सेकंदांत गाठते आणि हान ३.९, यावर आपल्या लेखकाने अर्धा रकाना खर्च केलाय. साहेब, आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी आठला गाढवांचा तांडा जातो, पाठीवर पोती घेऊन. त्याच्या मागे दोन्ही गाड्या सारख्याच वेगाने चालतात.

मला हे बोलायचा अधिकार आला तो माझ्या घरमालकांमुळे. त्यांना मी ‘गाशे’ म्हणतो. आपण वडीलधाऱ्याला ‘काका’ म्हणतो, तसंच इथे हे. कॉफीचा व्यापार आहे, महिन्याला एक चक्कर जिम्मा या कॉफीच्या गावाला असते. जुनी टोयोटा थकली, आणि जानेवारी २०२४ मध्ये इथल्या सरकारने पेट्रोल-डिझेलच्या मोटारी देशात आणायलाच बंदी केली. म्हणजे नवी घ्यायची तर विजेचीच. तयार गाडीवर १५ टक्के जकात, सुटे भाग आणून इथे जोडली तर माफ. कारण साधं आहे, तेल डॉलर देऊन आणावं लागतं आणि वीज घरची आहे. ओमो नदीवरचं गिबे-३ धरण १८७० मेगावॉटचं. आपलं कोयना १९६० मेगावॉटचं, म्हणजे जवळजवळ जुळं भावंडच. सप्टेंबर २०२५ मध्ये नाईलवरच्या मोठ्या धरणाचं उद्घाटन झालं, ते ५१५० मेगावॉटचं. डॉलरची टंचाई मात्र अशी, की जुलै २०२४ मध्ये बिर्र, म्हणजे इथलं चलन, बाजारभावावर मोकळा सोडला तेव्हा ५७ बिर्रला मिळणारा डॉलर काही आठवड्यांत शंभरीपार गेला.

तर गाशेंनी दोन छापील पत्रकं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “इंजिनियर, विजेचा माणूस तू. सांग.”

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण आपला पेपर नैरोबी आणि दार-एस-सलामची मराठी मंडळीही वाचतात. चीनच्या बाजारासाठी बनलेल्या या दोन्ही गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. इथिओपियात रहदारी उजव्या बाजूने चालते, आम्हाला ते बरोबर बसतं. केनिया, टांझानिया, युगांडात आपल्यासारखीच डावीकडून चालते आणि केनियात तर डाव्या स्टिअरिंगची खासगी गाडी नोंदवूनच घेत नाहीत. तेव्हा त्यांनी हा लेख वाचून कुणाला पैसे पाठवले नसतील, अशी आशा करतो. ‘आफ्रिकेतून आयात करणारे’ असा एकच ढीग नसतो.

आम्ही झीकर बघायला एका विक्रेत्याच्या आवारात गेलो. गाडी देखणी, यात वाद नाही. बिनचौकटीचे दरवाजे, पाठीमागचं दार अख्खं वर उघडतं, कॉफीच्या नमुन्याच्या पिशव्या आरामात मावतील. गाशेंचा जीव जडला. विक्रेता म्हणाला, २०२४ चं मॉडेल. मी काचेखालचा चॅसी नंबर वाचला. सतरा अक्षरांतलं दहावं अक्षर वर्षाचं असतं. ‘आर’ असेल तर २०२४, ‘पी’ असेल तर २०२३. इथे ‘पी’ होता. दाखवल्यावर पठ्ठ्या हसत म्हणतो, “आमच्या कॅलेंडरने अजून २०१७ चालू आहे, तुम्ही एका वर्षावर काय अडून बसता?” (इथलं पंचांग आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं. गाशेंनाही हसू आलं, तो भाग वेगळा.)

पण त्या एका वर्षाने गाडीचं पोट बदलतं, आणि आपल्या लेखात नेमकं हेच नाही. झीकर ००१ म्हटलं की एक गाडी डोळ्यांपुढे आणायची नाही. २०२१ पासूनच्या पहिल्या गाड्यांत ८६ किंवा १०० युनिटची निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती जलद चार्जिंगसाठी आठशे व्होल्टवर गेली आणि साध्या प्रकारात ९५ युनिटची लोह-फॉस्फेटची बॅटरी आली. त्याच ऑगस्टमध्ये कंपनीने पुन्हा नवं मॉडेल काढलं, तेव्हा सहा महिन्यांपूर्वी गाडी घेतलेले चीनमधलेच गिऱ्हाईक भडकले होते. नाव मात्र तिन्हींचं एकच. हानचं तसं नाही. २०२० पासून ती बीवायडीच्या स्वतःच्या ‘ब्लेड’ बॅटरीवर आहे आणि ती लोह-फॉस्फेटचीच.

लोह-फॉस्फेटवर माझा जीव का, ते सांगतो. या बॅटरीला रोज शंभर टक्के भरलेलं चालतं. निकेलवालीला रोजच्या वापरात ऐंशी-नव्वदवर थांबवावं, असं गाडीवालेच सांगतात. आता जिथे रात्री वीज राहील की जाईल हे माहीत नाही, तिथे माणूस असेल तेव्हा भरून घेणार की ऐंशीला उठून पिन काढणार? शिवाय फॉस्फेट तापून पेट घ्यायला सहजासहजी तयार होत नाही. त्याला थंडी मानवत नाही खरी, पण अदिस २३०० मीटरच्या वर असलं तरी रात्री बर्फ पडेल अशी थंडी इथे नाही. आणि उंचीचं म्हणाल तर तिथे विजेच्या मोटरीची खरी मजा. गाशेंची टोयोटा इथल्या विरळ हवेत पाव ताकद गमावून धापा टाकत चढते. मोटरीला हवा लागतच नाही.

आठशे व्होल्टचंही आपल्या लेखकाने फार कौतुक केलंय. कौतुक खरं, पण समोर तसा दांडगा चार्जर असेल तेव्हा. अदिसमध्ये २०२५ च्या सुरुवातीला एथियो टेलिकॉमने जलद चार्जिंगची केंद्रं सुरू केली, आता परिस्थिती सुधारतेय. तरी बहुतेक लोक घरच्या भिंतीलाच गाडी लावतात. गाशेंच्या घरी संध्याकाळी मी मीटर लावला, १९० व्होल्ट. ३२ अँपिअर ओढले तरी सहा किलोवॉट. हानची ८५.४ युनिटची बॅटरी रिकामी असेल तर चौदा तास, झीकरची शंभरची सोळा तास. तिथे आठशे व्होल्टचं काय लोणचं घालायचं?

त्याहून महत्त्वाची गोष्ट निघाली अर्थिंगची. गाशेंच्या पुतण्याकडे हान आहे. गाडी ठरवण्याआधी ती आठवडाभर वापरून बघू म्हणून घरी आणली. सोबतचा चार्जर भिंतीला लावला, तर तांबडा दिवा लुकलुकतोय आणि पडद्यावर चिनी अक्षरं. मी फोनचा कॅमेरा धरला. माझा फोन मराठीत, त्याने भाषांतर दिलं : ‘जमीन असामान्य’. गाशेंना सांगितल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, “जमीन सरकारची आहे. माझं फक्त घर.” (इथे खरंच सगळी जमीन सरकारच्या मालकीची आहे.)

बोर्ड उघडला तर तिसऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या, पिनेला वायरच नाही. घर बांधल्यापासून नसावी. चार्जरचा दोष काहीच नव्हता, तो इमानदारीने नाही म्हणत होता. मग पुढचा रविवार परसात खड्डा. आपल्याकडे करतो तसंच केलं, तांब्याची प्लेट, मीठ आणि कोळशाचे थर. कोळशासाठी कुठे जावं लागलं नाही, प्रत्येक घरात कॉफी शेगडीवर होते. गाशेंच्या बायको दारात उभ्या राहून पोत्याकडे बघत होत्या. महिनाभराच्या कॉफीचा कोळसा मी मातीत घालत होतो. गिरणीतून आणलेल्या टेस्टरवर ४ ओहम आलं (हा आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं). आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला, पिन लावली, हिरवा दिवा. त्या दिवशी मला तीनदा कॉफी मिळाली, म्हणजे राग गेला असावा. टायमर लावताना गाशे म्हणाले, “रात्री चारला सुरू कर.” मी चार लावले. पहाटे चारला गाडी खटखट करत जागी झाली. इथे घड्याळ सूर्यास्तापासून मोजतात, त्यांचे रात्रीचे चार म्हणजे आपले दहा.

त्याच गाडीने आम्ही जिम्माला गेलो. साडेतीनशे किलोमीटर. वोल्किते गावानंतर रस्ता गिबे नदीच्या दरीत उतरतो आणि पुन्हा चढतो, वरंधा घाटाची आठवण यावी असा. उतारात गाडी वीज परत घेते, हे सगळ्या लेखांत असतं. किती घेते ते नसतं. दोन टनांची गाडी हजार मीटर उतरली तर गणिताने साडेपाच युनिट होतात, पदरात तीन-चार पडतात. पत्रकात ७१५ किलोमीटर लिहिलंय. आम्ही शंभर टक्क्यांवर निघालो आणि जिम्माच्या गोदामाशी ३१ टक्के उरले होते. म्हणजे हिशेबाने पूर्ण बॅटरीवर पाचशे किलोमीटर. चिनी चाचणीचा आकडा असला की एक तृतीयांश आधीच वजा धरा, झीकरच्याही. रात्रभर गोदामाच्या सॉकेटवर गाडी बांधून ठेवली, दुसऱ्या दिवशी दुपारनंतरच निघता आलं.

हानची बाजू लंगडी कुठे, तेही सांगतो. सेडान आहे, पोट खाली. दगडी फरशांच्या गल्ल्यांत आणि मनाला येईल तिथे घातलेल्या गतिरोधकांवर जीव मुठीत येतो, आणि खाली बॅटरी आहे हे विसरता येत नाही. झीकरच्या वरच्या प्रकारात हवेचं सस्पेन्शन असतं, गाडी उचलून घेता येते. डिकीचंही वर म्हटलंच. रस्ता आणि सामान एवढंच बघायचं असतं तर मी आपल्या लेखकाच्या बाजूने मत दिलं असतं. पण हवेची ती पिशवी फाटली तर? मर्काटो या इथल्या बाजारात जुन्या कोरोलाचा नटबोल्टसुद्धा मिळतो. बीवायडीच्या गाड्या रस्त्यावर इतक्या झाल्यात की त्यांचे भागही हळूहळू दुकानांत दिसायला लागलेत, पोरं त्यावर हात बसवताहेत. झीकरचा दिवा फुटला तर तो ग्वांगझौहून मागवा आणि जिबुतीच्या बंदरातून येईपर्यंत वाट बघा.

भाषेचं दुखणं दोघींचं सारखं. चीनसाठी बनलेली गाडी चिनीत बोलते, तिच्या अॅपला चिनी मोबाईल नंबर लागतो, नकाशा बीजिंगचा. इथे पैसे घेऊन इंग्रजी करून देणारे आहेत. ओळखीतल्या एकाने (गाडी या दोन्हींपैकी नव्हे) तसं करून घेतलं, पुढच्या अपडेटला सगळं पुन्हा चिनी. हीटर बंद करायला तो पुन्हा त्याच पोराकडे गेला. वॉरंटीचंही तसंच. चीनमध्ये नोंदणी करून, न चालवताच ‘वापरलेली’ म्हणून बाहेर धाडलेल्या शून्य किलोमीटरच्या गाड्या पुष्कळ येतात. वॉरंटीचं घड्याळ तिथल्या नोंदणीपासून सुरू झालेलं असतं आणि तीही चीनपुरती. कागद हातात घेऊन कुणाला तरी वाचायला लावल्याशिवाय बयाणा देऊ नये.

हे सगळं मी गाशेंना सांगितलं. ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी विचारलं, “खड्डा दोन्ही गाड्यांना चालेल ना?” म्हटलं, चालेल. मग त्यांनी हान मागवली, ८५.४ युनिटची, पांढरी. झीकरचा फोटो अजून फोनमध्ये आहे, नातवाला दाखवतात.

गाडी आता तीन महिने झाली चालतेय. सध्या इथे ‘बेगा’, म्हणजे कोरडा हंगाम. माती आवळली, गेल्या आठवड्यात टेस्टर लावला तर ४ चे ११ ओहम झाले होते. आठवड्यातून दोन बादल्या पाणी खड्ड्यात घाला, असं सांगून ठेवलंय. गाशे विसरतात. बायको घालतात, कोळसा त्यांचा आहे.

आपला,
एक जुना वाचक
अदिस अबाबा (मूळ गाव इचलकरंजी)