लाइन चालूच आहे असं समजायचं

ती. आई आणि बाबांना,
सा. नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या नातीने बॉम्ब टाकला आणि आईने पुढचं काही न ऐकता फोन ठेवला, त्याला आज तीन दिवस झाले. आई, तू माझा फोन घेत नाहीयेस. बाबा घेतात पण "हं, हं, जेवलीस का" एवढंच बोलतात, म्हणजे तू शेजारी बसून खुणा करत असणार. म्हणून हे लिहितेय. बोलताना तू मधेच तोडतेस, लिहिलेलं तरी पूर्ण होईल. बाबा, अक्षर मोठं करून आईला वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

तर हो. जानेवारीत मी बाथरूममध्ये घसरले नव्हते, सायकलवरून पडले होते. नात खरं बोलली, तिला ओरडू नका, खोटं मी बोलले.

झालं असं की सकाळचे पावणेनऊ असतील, मी इथे पुण्यात डहाणूकर कॉलनीतून कर्वे पुतळ्याकडे येत होते, डाव्या हाताला पार्क केलेल्या गाड्यांची रांग, नेहमीचीच. आणि मी त्या रांगेला चिकटून, आई तू लहानपणापासून सांगतेस तशी, कडेकडेने. एका पांढऱ्या गाडीचं ड्रायव्हरकडचं दार खाडकन उघडलं. ब्रेक दाबेपर्यंत हँडलचं डावं टोक दाराच्या कडेला लागलं, हँडल गर्रकन फिरलं आणि मी उजवीकडे, थेट रस्त्यावर. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याने कचकचून ब्रेक मारला म्हणून आज लिहितेय. त्याचं पुढचं चाक माझ्या तोंडासमोर हातभर अंतरावर थांबलं होतं, टायरच्या खाचेत एक बारीक पांढरा खडा अडकला होता. कोपर किती सोललं ते आठवत नाही पण तो खडा आठवतो.

गाडीतून उतरले ते बाबांच्याच वयाचे एक काका. पहिलं वाक्य काय, तर "अहो, बेल वाजवायची ना!" मी खाली बसूनच म्हटलं, काका, बंद दाराला बघून बेल कोण वाजवतं? मग पलीकडून काकू पाण्याची बाटली घेऊन आल्या आणि काकांकडे बघितलं तर त्यांचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते. "दिसलीच नाहीस गं," असं तीन-चारदा म्हणाले, अहो-जाहोवरून एकदम अगं-तुगंवर आले बिचारे. एका रिक्षावाल्याने सायकल उचलून फुटपाथला लावली, चेन उतरली होती ती न सांगता बसवून दिली आणि हात प्यांटला पुसत निघून गेला, नीट थँक्यूपण म्हणता आलं नाही. काकांनीच डॉक्टरकडे नेलं. मनगटाला बारीक चीर निघाली, तीन आठवडे पट्टा. तो तुम्ही बघितलात, कारण सांगितलेलं तेवढं खोटं होतं.

खोटं का बोलले ते तुला माहीत आहे आई. तू लगेच म्हणाली असतीस सायकल विकून टाक. परवा फोन ठेवायच्या आधी तेच म्हणालीस, वर "जावईबापूंना सांग गाडीने सोडायला, आणि नाहीच सोडायची तर कडेने तरी चालव".

आता हे कडेचं तुला नीट सांगायचंच आहे मला, कारण पडले ती कडेनेच चालवत होते म्हणून. कडेला काय काय असतं ऐक. गाड्यांची दारं असतात. चेंबरची झाकणं असतात, काही खचलेली आणि काही डांबराच्या वर आलेली, आणि पावसाळ्यात त्यावर पाणी साचलं की कुठलं कसं ते कळत नाही. वाळू, खडी, काचा, सगळं चाकांनी ढकलून ढकलून शेवटी कडेलाच येतं. रिक्षा पॅसेंजर दिसला की कडेलाच घुसते. आणि राँग साइडचे! पुढच्या चौकातून वळून यायचा कंटाळा म्हणून उलटे येणारे टू-व्हीलरवाले त्याच कडेने समोरून येतात आणि वर मलाच लाइट मारतात, बाजूला हो म्हणून. अरे मी कुठे होऊ, माझ्या उजवीकडे बस आहे!

म्हणून पडल्यापासून मी पार्क केलेल्या गाड्यांपासून एक अख्खं दार उघडेल एवढं अंतर सोडूनच चालवते. पण मग मागचे लोक पीं पीं करून जीव घेतात, त्यांना वाटतं बाई मुद्दाम मधे येतेय. परवा एकाने काच खाली करून "मॅडम, साइडला घ्या ना, रस्ता काय तुमचा आहे का" असं विचारलं. पुढच्या सिग्नलला त्याच्या शेजारीच जाऊन उभी राहिले. एवढा हॉर्न मारून तो तिथेच आणि मीपण तिथेच! काहीच बोलले नाही, नुसतं हसले. त्याने काच वर केली.

जावईबापू गाडीने सोडतात तेव्हा घर ते शिवाजीनगर पाऊण तास लागतो आणि मग पार्किंग शोधायचं. साडेसहा-सात किलोमीटर आहे, सायकलने अर्धा तास लागतो. पण वेळ हे काही खरं कारण नाही, ते मी लोकांना सांगायला ठेवलंय. ऑफिसात पोचते तेव्हा डोकं रिकामं असतं आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत ऑफिस वाटेत कुठेतरी सांडलेलं असतं, एवढंच आहे ते. गाडीत बसून आले की मी पोरीवर जास्त ओरडते, तिलाच विचार, नाहीतरी ती सगळं सांगतेच.

बाबा, आता तुमच्याशी.

तुम्ही वीज बोर्डात वायरमन होतात, चौतीस वर्षं. सायकलच्या कॅरिअरला सेफ्टी बेल्ट, खांद्याला दोरखंड, हँडलला अडकवलेली पकड आणि हातमोज्यांची पिशवी, आणि पावसात रात्री दीडला मिरजेच्या सतारमेकर गल्लीतली लाइट गेली म्हणून निघालेले तुम्ही, हे मला डोळे मिटले की दिसतं. आई दारात उभी राहायची, तुम्ही वळेपर्यंत. मी एकदा विचारलं होतं, बाबा तुम्हाला भीती नाही वाटत का शॉक लागायची. तुम्ही म्हणाला होतात, भीती वाटायची नाही पण भरवसा ठेवायचा नाही. सबस्टेशनवरून लाइनवर काम करायचं परमिट मिळालं, ऑपरेटर म्हणाला लाइन बंद केली, तरी खांबावर चढणाऱ्याने ती चालूच आहे असं समजायचं. आधी तपासायचं, मग अर्थिंग करायचं, म्हणजे तार जमिनीला जोडायची, आणि मगच हात लावायचा.

मी सायकल तशीच चालवते आता. पट्टा निघाल्यावर पहिल्या दिवशी निघाले तर डहाणूकरच्या सर्कललाच पाय लटपटायला लागले, प्रत्येक दार उघडतंय असं वाटत होतं. तेव्हा तुमचं हे आठवलं. ठरवून टाकलं की मी कुणालाच दिसत नाहीये. प्रत्येक दार उघडणार आहे, प्रत्येक रिक्षा डावीकडे वळणार आहे. पार्क केलेल्या गाडीत डोकं दिसतंय का, मागचा लाल दिवा नुकताच विझलाय का, बाजूच्या आरशात कुणाचा चेहरा आहे का, हे बघत जायचं. चालत्या गाडीच्या इंडिकेटरकडे बघायचं नाही, त्याचा काही संबंध नसतो, पुढच्या चाकाकडे बघायचं, माणूस खोटं बोलेल पण चाक वळायच्या आधी थोडं तरी फिरतं. बस स्टॉपला येताना दिसली की तिच्या आणि फुटपाथच्या मधे कधीच घुसायचं नाही, मागे थांबायचं, दोन मिनिटं जातील. आणि डोळ्याला डोळा भिडेपर्यंत चौक ओलांडायचा नाही. तुमचा टेस्टर तसे माझे डोळे.

मी काही साधूसंत नाही तेपण सांगते. फेब्रुवारीत एकदा उशीर झाला म्हणून सिग्नल तोडला, समोरून एक आजोबा रस्ता ओलांडत होते, त्यांनी काठी वर केली नुसती. तोंडातून शब्द नाही. दिवसभर ती काठी डोक्यात होती. दुसऱ्याला शिव्या घालताना ही आठवण फार गैरसोयीची पडते.

आणखी एक गोष्ट, ही मला हल्लीच कळली. माझ्या डोक्यावर हेल्मेट, अंगात तो पोपटी जॅकेट (आई म्हणते रस्ता झाडणाऱ्या बायकांसारखा, बरोबरच आहे, त्याही दिसाव्यात म्हणूनच घालतात), सायकल गियरची. मला लोक ओरडले तरी "मॅडम" म्हणून ओरडतात. पण माझ्याबरोबर रोज नळ स्टॉपच्या पुलाखाली एक वॉचमनकाका असतात, नाइट करून घरी चाललेले, काळी डबलबार सायकल, हँडलला डब्याची पिशवी. त्यांना तेच लोक "ए, मर ना कडेला" म्हणतात. त्याच रस्त्यावर, त्याच मिनिटाला. काका ऐकून न ऐकल्यासारखं करतात, पायडलचा ठेका तोच. एकदा सिग्नलला मी म्हटलं काय हो लोक हे, तर म्हणाले "ताई, झोप आलीय, ऐकू कमी येतं." रस्त्यावर शौकाने सायकल चालवणारी मी एक, आणि पेपरवाला, चहाचा थर्मास अडकवलेला पोऱ्या, माळीकाका, इडलीवाले अण्णा असे दुसरी सोय नाही म्हणून चालवणारे किती! पेपरात फोटो मात्र आमच्यासारख्यांचे येतात.

बाबा, तुम्ही 1978 ला ट्रेनिंगला पुण्यात होतात तेव्हाचं सांगता ना, की कारखान्याची शिफ्ट सुटली की सायकलींचा लोंढा असा यायचा की पायी जाणाऱ्याला रस्ता ओलांडता यायचा नाही. सायकलींचं शहरच म्हणायचे पुण्याला. आता जंगली महाराज रोडवर फुटपाथ मोठा मस्त केलाय, शेजारी सायकलसाठी पट्टा आखलाय, आणि त्या पट्ट्यावर कुणी गप्पा मारत उभं असतं, कुणाची स्कूटर लावलेली असते. फुटपाथवर आणि सायकल ट्रॅकवर गाडी घालायची नाही हे वाहतुकीच्या नियमात लिहिलेलं आहे, पण ते सांगायला गेलं की लोक माझ्याकडे असे बघतात जशी मी संस्कृत बोलतेय. मधे 2017-18 ला भाड्याच्या पिवळ्या, केशरी सायकली आल्या होत्या आठवतं? तुम्ही आला होतात तेव्हा फोनवर कुलूप उघडलं तर केवढं कौतुक वाटलं होतं तुम्हाला. दोन-तीन वर्षांत गायब झाल्या, आमच्या कोपऱ्यावर एक बिनासीटची पडून होती बरेच दिवस, तिच्या पुढच्या बास्केटात कुणीतरी तुळस लावली होती.

चांगलंपण घडतं, नुसती रड नाही. एका बसचा ड्रायव्हर आता ओळखीचा झालाय, मला पुढे जाऊ द्यायचं असेल तर खिडकीतून दोन बोटं हलवतो, मी बेल वाजवते, एवढीच ओळख. आणि ते दारवाले काका! मार्चमध्ये ते कोपऱ्यावर भेटले. मला म्हणाले, बघ, आता मी दार डाव्या हाताने उघडतो. खरंच, गाडीत बसून करून दाखवलं. डाव्या हाताने उजवीकडचं दार उघडायचं म्हणजे अख्खं अंग वळतं आणि मागून कोण येतंय ते आपोआप दिसतं. हॉलंडमध्ये म्हणे असंच करतात, त्यांना मुलाने सांगितलं. काकूंना डाव्या सीटवर बसून उजव्या हाताने उघडायला शिकवलंय, त्यांची चिडचिड होते, पण उघडतात.

आई, सायकल मी सोडणार नाहीये. तुला चालेल असं म्हणत नाही, चालणार नाही माहीतच आहे. पण यापुढे पडले तर त्याच दिवशी सांगेन, एवढं कबूल. ओरडायचं तेव्हा ओरड.

आणि बाबा, तुमचंपण बाहेर आलंय बरं का. दादाने सांगितलं की तुम्ही बहात्तराव्या वर्षी संध्याकाळचे मार्केटला सायकलवर जाता, अंधारात, बिनादिव्याचे. ट्रेनिंगला असताना दिवा नाही म्हणून पोलिसाने दोन्ही चाकांतली हवा सोडली होती आणि तुम्ही सायकल ढकलत लॉजवर गेलात, हा किस्सा तुम्ही शंभर वेळा हसत सांगितलाय आम्हाला. डायनॅमो बिघडून किती वर्षं झाली? आणि आई, तुला हे माहीत होतं, तू मला नाही सांगितलंस. म्हणजे लपवायचं घराण्यातच आहे.

कुरिअरने दोन दिवे पाठवलेत, गुरुवारपर्यंत येतील. पांढरा पुढे हँडलला, लाल मागे सीटखाली, रबरी पट्टा आहे, पाना लागत नाही. चार्जिंगला तुमच्या मोबाइलचीच वायर चालते, पूर्ण चार्ज व्हायला दोन तास लागतात. लाल दिव्याचं बटण एकदा दाबलं की सतत पेटतो, दोनदा दाबलं की लुकलुकतो, तुम्ही लुकलुकताच ठेवा. लावून झाला की आईला मागे उभं करून फोटो काढायला सांगा आणि मला पाठवा, त्याआधी भाजीला जायचं नाही.

तुमची,
ताई