गुळाचा ‘अंगभूत दोष’: मंत्री महोदयांना कोल्हापुरातून खुले पत्र

प्रति,
देशाचा सागरी व्यापार ज्यांच्या अखत्यारीत येतो ते मा. मंत्री महोदय,
नवी दिल्ली.

विषय: अठरा टन गूळ, एक कंटेनर आणि ‘निकाली’ निघालेली तक्रार.

महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी शाहू मार्केट यार्डात सौद्याला उभा असताना मोबाइलवर एक संदेश आला: ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ निकाल काय लागला, कोणी दिला आणि कोणाच्या बाजूने दिला, याचा त्यात कोठेही उल्लेख नव्हता. सेवा कशी वाटली हे सांगण्यासाठी पाच तारे मात्र दिले होते. जहाज कंपनीविरुद्धच्या तक्रारीवर पाच महिने ज्या उत्तराची वाट पाहिली ते एवढ्यावर आटोपले, म्हणून हे पत्र खुले लिहावे लागत आहे. ज्या कार्यालयाने हा संदेश पाठवला त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिले की पत्र ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ त्याच कार्यालयाकडे परत जाते, हा अनुभव पदरी आहे.

आमच्या घरात गुळाचा व्यापार तिसऱ्या पिढीचा आहे. आजोबा अडत दुकानात दिवाणजी होते, वडिलांनी स्वतःची पेढी काढली आणि मी गेली काही वर्षे हाच गूळ खोक्यांत भरून समुद्रापार पाठवतो. वर्षाकाठी दहा-बारा कंटेनर, त्याहून अधिक नाही. म्हणजे आपल्या हिशेबात मी कोठेच नाही. गेल्या पौषात, हंगाम ऐन भरात असताना, शिरोलीच्या गोदामातून मी वीस फुटी कंटेनर इंग्लंडच्या फेलिक्स्टो बंदरासाठी भरला. दहा किलोचे एक खोके, अशी अठराशे खोकी. माल अकरा लाख सत्तर हजारांचा.

हा माल मी निष्काळजीपणे भरला असेल असे कोणास वाटू नये, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. रिकामा कंटेनर दारात आला की मी स्वतः आत शिरतो, हमालांना दोन्ही दारे बाहेरून लावायला सांगतो आणि त्या काळोखात दोन-तीन मिनिटे उभा राहतो. छताला टाचणीएवढे भोक असले तरी तेथून उजेडाची काडी आत उतरते. तशी काडी दिसली तर कंटेनर परत जातो, मग वाहतूकदार कितीही चडफडो. त्या दिवशी पूर्ण अंधार होता. तळाला आणि भिंतींना जाड कागद लावला, खोकी रचली आणि ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या सोळा पिशव्या आतल्या कड्यांना टांगल्या. या पिशव्यांचे गणित प्रवासाच्या दिवसांवर असते. जहाज कंपनीने अडतीस दिवस सांगितले होते. मी पंचेचाळीस धरले.

लागले एकाहत्तर.

मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात कंटेनर ठरलेल्या मुदतीच्या आत पोहोचला. कोल्हापूरपासून सुमारे चारशे किलोमीटर, रस्त्याची कामे आणि खंबाटकीचा घाट पार करून आमचा ड्रायव्हर रात्रभर जागून वेळेवर गेला, कारण मुदत अर्ध्या तासाने चुकली तरी जहाज चुकते. त्यानंतर जहाजात जागा नाही म्हणून कंटेनर पुढच्या फेरीवर ढकलला गेला, आणि ती फेरीच रद्द झाली. धंद्यात याला ‘रोल होणे’ म्हणतात. शब्द ऐकायला गमतीचा आहे. सतरा दिवस माझा गूळ बंदराच्या यार्डातल्या उन्हात लोखंडी पेटीत उभा राहिला. पुढे वाटेतल्या एका परदेशी बंदरात तो उतरवला गेला आणि दुसऱ्या जहाजाची वाट पाहत बारा दिवस पडून होता. हे मला कोणी कळवले नाही, कंटेनरचा क्रमांक रोज रात्री संगणकावर टाकून पाहिल्यामुळे समजले. प्रत्यक्ष समुद्रावरचे अडतीस दिवस मी मान्य करतो. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घालावा लागला, त्यात दहा ते चौदा दिवस वाढतात, हे आम्हालाही कळते. युद्ध आपण थांबवा असे माझे म्हणणे नाही. शेवटचे चार दिवस फेलिक्स्टोच्या धक्क्यावर गेले.

गूळ हवेतली ओल ओढतो. दिवसा कंटेनरचे छत तापते, खोक्यांतली आणि लाकडी फळ्यांतली ओल वाफ होऊन वर जाते, रात्री छत गार पडले की तिचे थेंब होऊन तेच पाणी मालावर टपटपते. व्यापारात याला ‘कंटेनर रेन’ म्हणतात, आमचे हमाल ‘पत्र्याला घाम येतो’ म्हणतात, आणि मला हमालांचा शब्द अधिक अचूक वाटतो. उष्ण समुद्रातून युरोपच्या थंडीत शिरताना हा घाम सर्वांत जास्त सुटतो. तोपर्यंत माझ्या पिशव्या केव्हाच पाण्याने भरून निकामी झाल्या होत्या.

तिकडच्या खरेदीदाराने दारे उघडताना काढलेले फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहेत. दाराच्या खालच्या रबरी पट्टीतून तपकिरी ओघळ निघून फरशीवर आला आहे. वरच्या चार थरांतली खोकी बसली आहेत. एका फोटोत फाडलेल्या खोक्यातली भेली पाघळून पसरली आहे आणि तिच्या कडेला आमचे लेबल चिकटून राहिले आहे. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘कोल्हापुरी गूळ’. या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मार्केट यार्डात आम्ही पेढे वाटले होते. काहिलीपाशी चार-चार तास धगीत उभा राहून ज्या गुळव्याने तो पाक नेमक्या क्षणी उतरवला, त्याला हा फोटो दाखवायचे धाडस मला झाले नाही. सहाशे चाळीस खोकी फेकून द्यावी लागली, बाकीचा माल खरेदीदाराने निम्म्या दराने घेतला, आणि फेकण्याचा खर्च पौंडांत माझ्या नावे लावला.

आता या नुकसानीचे पालकत्व कोणाकडे गेले ते पाहा. जहाज कंपनीने कळवले की हा मालाचा ‘अंगभूत दोष’ आहे, म्हणजे माल स्वतःच्या गुणधर्मानेच खराब झाला, आणि त्याला वाहक जबाबदार नाही. विमा कंपनीने कळवले की अंगभूत दोष आणि विलंब ही दोन्ही कारणे पॉलिसीतून वगळलेली आहेत. माल पाठवण्याची व्यवस्था पाहणारा एजंट म्हणाला, ‘साहेब, आम्ही फक्त मधले.’ बंदराच्या यार्डाकडून मात्र लगेच उत्तर आले, कारण ते बिल होते: सात दिवस मोफत, पुढच्या दहा दिवसांचे जागाभाडे मी भरावे. जागा त्यांची, जहाज त्यांचे, रद्द केलेली फेरी त्यांची आणि भाडे माझे. गुळाचा अंगभूत दोष कोणता, यावर मी पुष्कळ विचार केला. तो गूळ आहे, याखेरीज मला दुसरा सापडला नाही.

याच प्रश्नावर गेल्या वर्षी कोल्हापुरात निर्यातदारांची एक बैठक झाली होती. आपल्या यंत्रणेतले एक वरिष्ठ अधिकारी मुंबईहून आले, त्यांचे स्वागत फेटा बांधून झाले, आणि त्यांनी सर्वांसमक्ष शब्द दिला की जहाज कंपन्यांविरुद्धच्या तक्रारीची अठ्ठेचाळीस तासांत दखल घेतली जाईल. टाळ्या मीही वाजवल्या. मला दखल पाच महिन्यांनी मिळाली, आणि ती वर सांगितलेल्या पाच ताऱ्यांची. फेटा परत मागण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

कायद्याकडे वळावे तर तेथे आपण मोठे काम केले, असे आम्ही वाचले. १८५६ चा, म्हणजे बंडाच्या आदल्या वर्षीचा, बिल ऑफ लेडिंगचा (माल जहाजावर चढल्याच्या पावतीचा) कायदा आणि १९२५ चा समुद्रमार्गे मालवाहतुकीचा कायदा हे दोन्ही २०२५ मध्ये रद्द होऊन त्यांच्या जागी नवे कायदे आले. अभिनंदन. मी एका वकील मित्राकडे बसून नवा मजकूर वाचला. वाहकाने कशाकशाला जबाबदार राहू नये याची यादी शंभर वर्षांपूर्वी होती तशी आहे, अंगभूत दोष तिच्यात आपल्या जागी आहे, आणि दावा वर्षाच्या आत लावला नाही तर हक्क बुडतो ही अटही तशीच आहे. बिल ऑफ लेडिंगच्या पाठीवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांत तो दावा परदेशातल्या न्यायालयात लावावा असे छापलेले असते. अकरा लाखांच्या गुळासाठी लंडनला वकील लावणारा माणूस कोल्हापुरात असेल तर त्याला गुळाचा धंदा करण्याची गरज नाही.

महोदय, माझे मूळ दुखणे एकच आहे. रिकामा कंटेनर मी ठरल्या दिवसांपेक्षा जास्त ठेवला तर रोजचा दंड, माल बंदरात जास्त राहिला तर रोजचे भाडे, वजनाचा दाखला वेळेत दिला नाही तर पेटी जहाजावर चढत नाही, कागदात एक अक्षर चुकले तर दुरुस्तीचे वेगळे शुल्क. माझ्या प्रत्येक तासाला दर लावलेला आहे. त्यांच्या सतरा दिवसांना दर नाही. उशीर कोणाकडूनही झाला तरी त्याचे पैसे मोजणारा एकच आहे आणि तो शिरोलीत राहतो. गेल्या अकरा कंटेनरांची नोंद मी वहीत ठेवली आहे. कोणा सीएने ती तपासलेली नाही, पण तिच्यानुसार सात कंटेनर सांगितल्या तारखेनंतर दहा दिवसांहून अधिक उशिरा पोहोचले आणि नुकसानभरपाई म्हणून मला आजवर मिळालेली रक्कम शून्य आहे.

आम्हाला आकडे सांगितले जातात ते निराळे. देशाचा वाहतूक खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या तेरा-चौदा टक्के आहे असे २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर होताना ऐकले, आणि २०२५ मध्ये नव्या पद्धतीने मोजल्यावर तो ७.९७ टक्के निघाला. मोजण्याची पद्धत बदलून खर्च एवढा उतरत असेल, तर ती पद्धत कृपया आमच्या बंदराच्या यार्डाच्या बिलांनाही लावावी. वाढवणला ७६,२०० कोटींचे बंदर होते आहे, जहाजबांधणीला ६९,७२५ कोटींचे पॅकेज मिळाले आहे. ही कामे व्हावीत, त्यांत मला आनंदच आहे. पण नव्या बंदराच्या नव्या यार्डातही माझा कंटेनर सतरा दिवस रोल होणार असेल आणि बिल माझ्याच नावे फाटणार असेल, तर उन्हात उभे राहण्याची जागा बदलली, इतकाच त्याचा अर्थ. भाडे आम्ही डॉलरमध्ये परदेशी कंपन्यांना मोजतो, पेटी बहुतेक वेळा चीनमध्ये बनलेली असते, आणि ती मिळेल का, कधी मिळेल, हे कोणत्या तरी दूरच्या शहरात ठरते. यात सार्वभौम काय आहे, तर माझा दंड.

आणि एक गोष्ट कोल्हापूरकर म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्यापासून समुद्र रत्नागिरीच्या बाजूला सुमारे एकशे तीस किलोमीटरवर आहे. तरी माझा गूळ चारशे किलोमीटर उत्तरेला जाऊन मग समुद्र पाहतो, कारण मध्ये सह्याद्री आहे आणि पलीकडे कंटेनरची नियमित जहाजे नाहीत. कोल्हापूर ते वैभववाडी रेल्वेमार्गाची सर्वेक्षणे आणि घोषणा आम्ही इतक्या वेळा ऐकल्या आहेत की निवडणूक जवळ आली हे त्यावरूनच कळते. येथे १८८८ मध्ये मिरज मार्गाच्या कामाची पहिली कुदळ शाहू महाराजांच्या हस्ते पडली आणि १८९१ मध्ये गाडी कोल्हापुरात आली. तीन वर्षे लागली. तेव्हा संस्थान होते, आता लोकशाही आहे, त्यामुळे कामाला वेळ लागणारच, असे मी समजून घेतो. कोकणाकडे उतरणारा तो मार्ग आणि पलीकडे कंटेनरचा एक धक्का असता, तर न्हावा शेव्याच्या एका रद्द झालेल्या फेरीवर माझा सारा हंगाम अवलंबून राहिला नसता.

मागण्या लांबवत नाही. ठरलेल्या जहाजावर कंटेनर चढला नाही तर त्या दिवसापासूनचे जागाभाडे जहाज कंपनीने भरावे, आणि निर्यातदाराकडून दिवसाला जो दंड घेतला जातो तोच दिवसाला त्याला द्यावा. मधल्या बंदरात माल उतरवला तर त्याच दिवशी कळवणे बंधनकारक करावे. नाशवंत मालाच्या बाबतीत वाहकाच्या हातून झालेला विलंब अंगभूत दोषाच्या आड लपणार नाही, एवढी एक ओळ नव्या कायद्यात घालावी. तक्रार निकाली काढताना निकाल लिहावा. ही शेवटची मागणी आहे असे लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते.

मी भरपाईची आशा सोडली आहे. बँकेचे कॅश क्रेडिट खाते या हंगामात पहिल्यांदा मर्यादेबाहेर गेले, गुऱ्हाळवाल्यांचे दोन लाख मी घरातले सोने ठेवून चुकते केले, आणि बायकोने त्यावर एक शब्दही काढला नाही, हे मला तिने भांडण्यापेक्षा जड गेले. यंदा माल पाठवू नये असे मुलाचे म्हणणे आहे. पण त्याच खरेदीदाराने पुन्हा एका कंटेनरची मागणी दिली आहे, कारण तिकडच्या दुकानांत लोक आमचाच गूळ मागतात.

येत्या गुरुवारी रिकामा कंटेनर शिरोलीला येईल. मी नेहमीप्रमाणे आत शिरून दारे लावून घेईन आणि छताकडे पाहीन. कंपनीने या वेळी चाळीस दिवस सांगितले आहेत. ओल शोषणाऱ्या पिशव्या मी किती दिवसांच्या धरून टांगाव्यात, एवढे आपल्या कार्यालयाने बुधवारपर्यंत कळवावे, ही विनंती.

आपला,
एक गूळ निर्यातदार
कोल्हापूर