गृहमंत्री महोदय, त्याच्या पायात जीपीएसचं कडं घाला : एका आईचं खुलं पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सादर नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र लिहिते आहे. माझ्या मुलीचा पाठलाग करणारा माणूस कोर्टात दोषी ठरला. पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टाने त्याला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली सोडलं. आमच्या घराजवळ आणि मुलीच्या कॉलेजजवळ फिरकायचं नाही, अशी अट आदेशात स्पष्ट लिहिलेली आहे. गेल्या सोमवारी संध्याकाळी तो आमच्या फाटकासमोरच्या पानठेल्यावर उभा होता. चांगला अर्धा तास. तंबाखूचा खर्रा चघळत, आमच्या खिडकीकडे बघत.

मी ठाण्यात गेले. "काकू, फोटो काढला का?" हा पहिला प्रश्न. मी दाराला आतून कडी घातली होती, पोरगी मागच्या खोलीत थरथरत बसली होती, फोटो काढायचं सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं. तो म्हणाला, मी त्या वेळी वणीला आत्याकडे होतो. आत्याचा मुलगा साक्षीला हजर. साहेबांनी मला समजावलं, "तुमचा भास असेल." पानठेलेवाल्याला कुणी विचारलंही नाही, आणि विचारलं असतं तरी तो बोलला नसता, त्याला तिथंच धंदा करायचा आहे.

मंत्रिमहोदय, हा भास नव्हता. तो चेहरा मी झोपेतही ओळखते.

आता कायदा बघा. परिवीक्षा कायदा 1958 चा. बंधपत्राची अट मोडली तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं, पण अट पहिल्यांदाच मोडली असेल तर दंड करून सोडण्याचीही सोय आहे. तो दंड किती, तर जास्तीत जास्त पन्नास रुपये! कलम 9 आहे, आपल्या विधी खात्याकडून तपासून घ्या. 1958 साली पन्नास रुपयांना काही किंमत असेल. आज तेवढ्यात आमच्या गावातून जिल्ह्याच्या कोर्टापर्यंतचं एसटीचं तिकीट येत नाही. आणि तो दंड व्हायलासुद्धा पुरावा लागतो, तो मी आणायचा. गुन्हा त्याने केला, अट त्याने मोडली, आणि पहारा मी द्यायचा. हा कुठला न्याय?

म्हणून मागणी करते आहे. अशी अट घालून सोडलेल्या दोषी माणसाच्या घोट्याला जीपीएसचं कडं बसवा. यात अशक्य असं काही नाही. उपग्रहावरून जागा कळते, आतल्या सिमकार्डातून ती नियंत्रण कक्षाला जाते, पट्टा कापला तर लगेच इशारा वाजतो, आणि रोज मोबाइलसारखं चार्ज करावं लागतं. स्पेनमध्ये 2009 पासून बायकांना त्रास देणाऱ्या माणसांसाठी अशी जोडयंत्रणा आहे. त्याच्या अंगावर एक यंत्र, बाईकडे दुसरं. ठरवून दिलेल्या अंतराच्या आत तो आला की तिला कळतं आणि पोलिसांनाही. इंग्लंडमध्ये तुरुंगाबाहेर शिक्षा भोगणाऱ्यांना 2018-19 पासून जीपीएसची कडी लावतात. आणि परदेशाचं कशाला, नोव्हेंबर 2023 मध्ये जम्मू-काश्मीर पोलिसांनी जामिनावर सुटलेल्या दहशतवादाच्या आरोपीला असं कडं बसवलंच की. केंद्राच्या 2023 च्या नमुना कारागृह कायद्यातही रजेवर जाणाऱ्या कैद्याच्या संमतीने असं यंत्र लावायची तरतूद आहे.

आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. 2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात उपग्रहाला जागा कळवणारी कॉलर लावली होती. तो तेलंगणात गेला, परत आला, नद्या आणि हमरस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पाच महिन्यांत 1300 किलोमीटर. शेतातून जाणाऱ्या त्या वाघाचा ठावठिकाणा वनखात्याला उपग्रहावरून कळत होता, आणि ते चांगलंच काम झालं, मला त्याचा अभिमान आहे. पण मग कोर्टाने दोषी ठरवलेला माणूस सोमवारी संध्याकाळी वणीत होता की माझ्या दारात, हे याच राज्यातल्या सरकारला का सांगता येऊ नये?

तुमचे अधिकारी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करतील. 8 जुलै 2024 चा, ज्यात जामिनाची अट म्हणून आरोपीला गुगलवर आपली जागा सतत पोलिसांना दाखवायला लावणं घटनेच्या कलम 21 मधल्या जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काविरुद्ध ठरलं. तो निकाल मला पटतो. ज्याचा गुन्हा सिद्ध झाला नाही त्याच्यामागे सरकारने रात्रंदिवस डोळे लावून बसू नये. पण इथे गुन्हा सिद्ध झाला आहे. शिवाय तो कुठे जेवतो, कुणाला भेटतो हे मला नको आहे आणि पोलिसांनाही कळू नये. आमचं घर आणि कॉलेज यांच्याभोवती कोर्टाने आखलेल्या हद्दीत तो शिरला तरच इशारा वाजावा, बाकी नोंद मुदत संपल्यावर पुसून टाकावी. तसा कायदा करा. कायदा नसताना पोलिसांनी मनाला येईल त्याच्या पायात कडी अडकवावीत, असं मी म्हणत नाही. गरीब घरची पोरं त्यात आधी भरडली जातील, ते मला कळतं.

आणि कृपा करून नुसतं टेंडर काढून मोकळे होऊ नका. इंग्लंडमध्ये 2024 साली ठेकेदार बदलला आणि सुटलेल्या शेकडो कैद्यांना वेळेवर कडीच बसली नाहीत. इशारा रात्री दोन वाजता वाजला तर तालुक्याच्या ठाण्यात फोन कोण उचलणार, गाडीत डिझेल असणार का, हे आधी ठरवा.

आमच्या घराचं काय झालं ते कुठल्या फाइलीत लिहिलेलं नाही. पोरीने बी.एस्सी.चं दुसरं वर्ष सोडलं. कॉलेजच्या रस्त्याला जायचं म्हटलं की तिला उलटी होते. ह्यांनी रात्रपाळी सोडली, पगार कमी झाला. खिडकीला मी जाड कापड ठोकलं आहे, भर दुपारी घरात दिवा लावावा लागतो. नातेवाईक विचारतात, लग्न का नाही उरकून टाकत? तो मात्र मोकळा आहे. महिन्यातून एकदा परिवीक्षा अधिकाऱ्यांकडे जाऊन सही करतो, आणि त्याची वर्तणूक समाधानकारक! ते अधिकारी भले आहेत, पण बालविवाह, बालगृहं, कोर्टाचे अहवाल, सगळं त्यांच्याच टेबलावर. ते महिला व बालविकास खात्याचे, पोलीस तुमच्या खात्याचे. त्यांनी मला पोलिसांकडे पाठवलं, पोलिसांनी त्यांच्याकडे.

बायकांच्या सुरक्षेची भाषणं मी खूप ऐकली. बायकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारा शक्ती कायदा विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी डिसेंबर 2021 मध्ये मंजूर केला, बाकं वाजवली. आम्ही बचत गटात पेढे वाटले होते. तो कायदा कधीच लागू झाला नाही. सरकारं आली नि गेली, ह्या पक्षाचे त्या पक्षात गेले, आणि आमच्या हाती काय आलं? तुरुंगाचंही तेच. 2022 अखेर राज्यातल्या तुरुंगांची जागा 25 हजारांची आणि आत 41 हजार माणसं. मग कोर्ट माणसं बाहेर सोडणारच, आणि जुलै 2024 पासून तर समाजसेवेची शिक्षाही कायद्यात आली. मला त्याचं वाईट वाटत नाही, सगळ्यांना कोंडून काही होत नाही. पण बाहेर सोडलेल्यांवर लक्ष ठेवायला माणूस नाही, यंत्र नाही, पैसा नाही, तर त्या शिक्षेचा भार आमच्यासारख्यांच्या घरावर येतो. मंत्र्याच्या गाडीपुढे-मागे किती पोलीस असतात ते आम्ही रस्त्यावर खोळंबून मोजतो. त्यातला एक आमच्या गल्लीत फिरला असता तर?

परिवीक्षा कायदा केंद्राचा आहे, हे उत्तर मला देऊ नका. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दुरुस्ती मांडा, ते पन्नास रुपये काढा, कड्याची तरतूद घाला आणि दिल्लीत तिचा पाठपुरावा करा.

तोवर एक काम आजच होऊ शकतं. त्याला नवा कायदाही लागत नाही. त्या सोमवारी संध्याकाळी त्याचा मोबाइल कुठल्या टॉवरवर होता, ती नोंद कंपनीकडून मागवा. मी ठाण्यात दोनदा तोंडी सांगितलं, मग लेखी दिलं, पोच माझ्याकडे आहे. अजून मागवलेली नाही. ती मागवून परिवीक्षा अधिकाऱ्यांमार्फत कोर्टासमोर ठेवायचा लेखी आदेश ठाण्याला द्या. त्याच्या बंधपत्राची मुदत येत्या जूनमध्ये संपते.

आपली,
एक आई
(मुलीची ओळख उघड होऊ नये म्हणून इथे नाव दिलेलं नाही. सहीची प्रत आपल्या कार्यालयाला टपालाने पाठवली आहे.)