लंबकाचे पंधरा सेकंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नेपच्यूनच्या शोधावरचा लेख वाचला. लेख रंगतदार आहे, पण पर्टर्बेशन थिअरी, म्हणजे सोप्या गणिताच्या उत्तरात छोट्या छोट्या दुरुस्त्या करत जाण्याची क्षोभ-पद्धत, ही ‘अचूक उत्तर सापडेना तेव्हा शास्त्रज्ञांनी काढलेली पळवाट’ असं एका ओळीत उरकलंय, ते काही पटलं नाही. मी भुसावळला घड्याळं दुरुस्त करतो. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो आणि वडिलांच्या दुकानात बसलो. लंबकाची घड्याळं आता क्वचितच येतात, एखाद्या जुन्या वाड्यातून किंवा पेढीवरून. ही ‘पळवाट’ मला त्यांच्यात नेहमी दिसते.

मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर गेला की आपण पहिल्या पानावर छापता. त्याच दिवसांत गिऱ्हाईक येतं, ‘घड्याळ मागे पडतंय.’ पोलादी दांडी एका अंशाला लाखात एका भागाहून किंचित जास्त लांबते. झोक्याचा काळ लांबीच्या वर्गमुळावर ठरतो, म्हणून काळातला फरक त्याच्या निम्मा. दिवसाच्या 86,400 सेकंदांत तो अंशामागे अर्धा सेकंद भरतो. थंडीत लावलेलं घड्याळ तीस अंशांनी तापलेल्या खोलीत दिवसाला 15 सेकंद मागे पडणारच.

दुसरी गोष्ट झोक्याच्या रुंदीची. लंबकाचा काळ झोका किती मोठा यावर अवलंबून नसतो, असं शाळेत शिकवतात. झोका अगदी लहान असेल तरच ते खरं. सूत्रात पुढचं पद येतं: रेडियनमधल्या (एक रेडियन म्हणजे सुमारे 57 अंश) कोनाचा वर्ग भागिले सोळा, काळ तेवढ्या पटीने वाढतो. मध्यापासून तीन अंशांचा झोका असेल तर या पदाचे दिवसाला पुन्हा 15 सेकंदच होतात. तेल सुकून झोका दोन अंशांवर आला की उरतात साडेसहा, म्हणजे घड्याळ आठेक सेकंद पुढे पळतं.

आता दोन्ही परिणाम एकत्र घ्या. उष्णतेचे 15 आणि झोक्याचे 15, बेरीज 30. त्यांच्या गुणाकाराचं पदही असतं, पण ते दिवसाला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या अडीच पट इतकंच. ते मी सोडून देतो, आणि किती सोडलं हे मला ठाऊक असतं. आधी सोपं, सुटणारं गणित घ्यायचं, मग छोट्या कारणाच्या पहिल्या घाताची दुरुस्ती, मग दुसऱ्या घाताची. सगळी क्षोभ-पद्धत एवढ्यावरच उभी आहे. ते कारणच छोटं नसेल तर ती दगा देते. लंबक नव्वद अंशांपर्यंत उचलून सोडला तर पहिली दुरुस्ती सांगते काळ 15 टक्क्यांनी वाढेल. प्रत्यक्षात तो 18 टक्क्यांनी वाढतो.

आकाशातही हेच. सूर्य आणि एक ग्रह एवढंच असेल तर गणित नेमकं सुटतं. तिसरा आला की तशी सरळ सुटका नाही. मात्र गुरूचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे 1,047 व्या भागाइतकंच, म्हणून त्याची ओढ दुरुस्ती म्हणून मांडता येते. अडचण कुठे येते, हे आपल्या लेखकाने सांगायला हवं होतं. गुरूच्या पाच आणि शनीच्या दोन फेऱ्या जवळपास एकाच वेळात, सुमारे 59 वर्षांत होतात. त्या गतींमधला बारीकसा फरक हिशेबात छेदात येऊन बसतो, आणि छेद लहान झाला की छोटी ओढही मोठी दिसू लागते. गुरू वेग वाढवतोय, शनी रेंगाळतोय, हे कोडं फ्रेंच गणिती लाप्लासने 1785 मध्ये सोडवलं: हा बदल कायमचा नाही, ते सुमारे 900 वर्षांचं चक्र आहे. पुढे प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की एकापुढे एक दुरुस्त्यांच्या अशा श्रेणींची पहिली काही पदं उत्तम चालतात, पण पदं वाढवत गेलं की उत्तर अधिकाधिक बरोबर येईलच असं नाही. मला तरी हा सगळ्या विषयातला सर्वांत रंजक भाग वाटतो, नेपच्यूनपेक्षाही. हायड्रोजनच्या अणूवर विद्युतक्षेत्राचा परिणाम भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरने 1926 मध्ये याच रीतीने काढला.

नेपच्यून कुठे दिसेल हे गणिताने सांगणाऱ्या लव्हेरिएचं कौतुक लेखात भरपूर आहे, त्याच्या बुधाचा मात्र उल्लेख नाही. बुधाची कक्षा हळूहळू फिरते. इतर ग्रहांच्या ओढीचा सगळा हिशेब लावूनही शतकाला 43 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) उरतात. त्यासाठी त्याने सूर्याजवळ आणखी एक ग्रह मानला. तो कुणालाच सापडला नाही. 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाने तो हिशेब जुळला. दुरुस्त्या इतक्या काटेकोर नसत्या तर 43 विकला शिल्लक आहेत हे कळलंच नसतं. पळवाटेत असं काही हाती लागत नाही.

शेवटी एक चूक, तेवढी कृपया पुढच्या पुरवणीत छापावी. ‘सांगितलं तिथेच, अगदी तस्साच ग्रह सापडला’ असं वाक्य आहे. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनला खगोलशास्त्रज्ञ गॅलेला नेपच्यून दिसला तो सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत, हे बरोबर. पण लव्हेरिएने त्याचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या अंतराच्या 36 पट धरलं होतं, आणि ते आहे 30 पट.

आपला,
एक घड्याळ दुरुस्तीवाला
भुसावळ, जि. जळगाव