मोहाच्या हंगामात पहाटेची राखण हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की ताडोब्यातील व्याघ्रदर्शनाची छायाचित्रे वृत्तपत्रांत नित्य दिसू लागतात. त्याच मार्च-एप्रिलमध्ये बफर क्षेत्रातील, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातील, गावांत मोहफुलांचा हंगाम असतो. त्याविषयी मात्र एखादी बाई वाघाच्या हल्ल्यात दगावली तरच चार ओळी छापून येतात.

मोहाची फुले रात्री गळतात. उजाडेपर्यंत थांबल्यास चितळ, अस्वले आणि गावची गुरे ती फस्त करतात, म्हणून बायका अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. आणि चितळ जिथे येतात, तिथे वाघही येतो. गेल्या चैत्रात मी माझ्या काकूंबरोबर गेलो होतो. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळलेला होता. त्या काळ्या राखेवर काकू ओणव्या होऊन दोन्ही हातांनी फुले वेचीत पुढे सरकत होत्या, मान खाली आणि पाठ जंगलाकडे. थोड्या थोड्या वेळाने पलीकडच्या झाडाखालच्या जावेला हाक मारीत, आणि ओ आल्यावरच पुन्हा वाकत. ओणवे माणूस वाघाला चौपायी सावजासारखे भासते, हे आमच्याकडे शेंबडे पोरही जाणते.

ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1995 मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प. आज सुमारे 1,727 चौरस किलोमीटरच्या या प्रकल्पात 1,100 चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र बफरचे, म्हणजे माणसांच्या वहिवाटीचे आहे. गाभ्यात जागा न मिळालेले तरुण वाघ तिथेच येणार. त्यांचा आम्हाला राग नाही. ताडोबा हे नावच तारू या गोंड दैवतावरून आले, असे इथले लोक मानतात. पण मोह वेचणे बंद करा, हा सल्ला ज्यांच्या घरी मोहफुले विकून आलेल्या पैशांतून पोरांची वह्या-पुस्तके येतात, त्यांना देऊ नये.

झाडाखाली जाळी बांधली तर फुले जाळीत पडतात, ओणवे व्हावे लागत नाही आणि पालाही जाळावा लागत नाही, त्यामुळे वणव्याचे एक कारण आपोआप कमी होते. मृताच्या वारसांना शासन 25 लाख रुपये देते; तेवढ्या रकमेत कितीतरी झाडांना जाळ्या येतील. जोडीला वन्यप्राणी गावाजवळ आल्यास मदतीला धावणाऱ्या गावच्या प्राथमिक बचाव दलातील तरुणांना हंगामापुरते मानधन देऊन पहाटे बायकांसोबत पाठवावे, आणि हा खर्च पर्यटनाच्या प्रवेश शुल्कातून करावा. फाल्गुन लागण्यापूर्वी जाळ्या गावांत पोहोचल्या, तरच येत्या हंगामात त्यांचा उपयोग होईल.

आपला,
एक वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर