सोसायटी अध्यक्षांना पत्र : मीटर रूमच्या कामाची हद्द आधी लिहून काढू या

वडोदरा, १८ फेब्रुवारी २०२५

प्रति,
अध्यक्ष आणि सगळे कमिटी मेंबर

विषय : पुरापासून बचावाचं काम, त्यात वाढत चाललेली कामं आणि कॉन्ट्रॅक्टरचं नवं एस्टिमेट

भाऊ, सप्रेम नमस्कार.

परवा रविवारच्या मिटिंगमध्ये मी बोलायला उभी राहिले होते पण पार्किंगच्या विषयावरून एवढा गोंगाट झाला की माझं म्हणणं अर्धवटच राहिलं, म्हणून आज बसून लिहून देतेय. पत्र लांबलंय, पण कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्सचा चेक देण्याआधी कृपा करून सगळं वाचा, कारण एकदा चेक गेला की मग बोलून उपयोग नाही.

आधी हे काम निघालं कशावरून ते आठवा. गेल्या ऑगस्टमध्ये जन्माष्टमीच्या सोमवारी दिवसभर पाऊस कोसळला आणि मग विश्वामित्री चढतच गेली, धोक्याची पातळी २६ फूट आणि नदी गेली ३५ फुटांच्या वर. आपल्या कंपाउंडमध्ये साडेचार फूट पाणी होतं, मीटर रूमच्या भिंतीवर ती मातकट रेघ अजून आहे, कुणी पुसलेली नाही आणि पुसूही नका. तळमजल्याच्या आठ घरांत अडीच फूट पाणी होतं. शहरातलं पाणी उतरलं, शेजारच्या सोसायट्यांत लाईट आली, पण आपला मेन पॅनल जळालेला म्हणून आपल्याकडे लाईट यायला सहा दिवस लागले. सहा दिवस लिफ्ट बंद, पंप बंद, आणि जमिनीतल्या टाकीत गटाराचं पाणी शिरलेलं म्हणून प्यायला पाणी नाही. मी पाचव्या मजल्यावर राहते, माझ्या घरात पुराचं पाणी आलं नाही आणि कधी येणारही नाही. पण तळमजल्याच्या आजींना त्या सहा दिवसांत खुर्चीत बसवून जिन्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेलं होतं, त्यांचं इन्सुलिन कुणाच्या तरी बर्फाच्या डब्यात ठेवलं होतं, ते मी विसरू शकत नाही. तुम्हीही त्या रात्री टॉर्च धरून उभे होता भाऊ, तुम्हालाही आठवत असेल.

म्हणून दसऱ्यानंतरच्या मिटिंगमध्ये आपण सगळ्यांनी हात वर करून तीन कामं मंजूर केली. मीटर आणि मेन पॅनल जिन्याच्या पहिल्या लँडिंगमागच्या रिकाम्या खोलीत न्यायचे, सगळ्यात खालचा मीटर पुराच्या रेघेच्या दोन फूट वर राहील असे. पाण्याच्या टाकीचं तोंड चिमणीसारखं वर बांधून घ्यायचं आणि पंपाचा स्टार्टर पॅनलबरोबर वर घ्यायचा. आणि ड्रेनेजच्या बाहेर जाणाऱ्या लाईनवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा, म्हणजे पाणी बाहेर जाईल पण उलटं आत येणार नाही, कारण तळमजल्यात पाणी दारातून यायच्या आधी संडासातून वर आलं होतं. एस्टिमेट साडेसहा लाख, जीएसटी धरून, वर १० टक्के अडीअडचणीला म्हणून ६५ हजार, म्हणजे ७ लाख १५ हजार, आणि ४८ घरांकडून १५ हजार घेतले की ७ लाख २० हजार जमतात. हिशोब बसला होता. ४१ घरांचे पैसेही आलेत.

आता नवं एस्टिमेट आहे १२ लाख ४० हजारांचं. त्यात पूर्ण कंपाउंडला पेव्हर ब्लॉक आले, नवं सरकतं गेट आलं, बाकडी आणि छत्री आली, बारा कॅमेरे आले, बाहेरून रंग आला, देवळाच्या ओट्याला ग्रॅनाइट आलं. शेवटच्या पानावर खाली लिहिलंय की टॅक्स वेगळा. १८ टक्क्यांनी तो होतो २ लाख २३ हजार २००, म्हणजे सगळे मिळून १४ लाख ६३ हजारांच्या वर, आणि घरटी ३० हजारांहून जास्त. ज्यांनी १५ हजार हप्त्याने दिलेत त्यांच्याकडे आपण कुठल्या तोंडाने परत जाणार?

मला कुणाच्या हेतूवर शंका नाही, हे मनापासून सांगते. गेट खरंच गंजलंय, कॅमेरे खरंच हवेत. प्रत्येक जण जेव्हा म्हणाला की ‘आ पण भेगाभेगुं करी नाखिए’, म्हणजे हेही सोबतच उरकून टाकू, तेव्हा त्याला खरंच वाटत होतं की माणसं कामावर आहेतच तर हेही होऊन जाईल, स्वस्तात पडेल. पण त्या एका शब्दानेच आपलं काम दुप्पट झालंय आणि ते दुप्पट झालंय हे कुणी ठरवलेलंच नाही, कुठल्या मिटिंगच्या मिनिट्समध्ये ते नाही. एकेक करून आत आलंय सगळं.

आणि भेगाभेगुं स्वस्त पडतं हेही खरं नाही. मी मकरपुऱ्याच्या एका कंपनीत काँट्रॅक्ट सेक्शनला २६ वर्षं काढली, आयुष्यभर कॉन्ट्रॅक्टरची बिलं तपासली. सुरुवातीच्या कामाचा भाव चार जणांकडून कोटेशन घेऊन ठरतो, तिथे कॉन्ट्रॅक्टर घासून रेट देतो, आणि मधेच वाढवलेल्या कामाला दुसरं कोटेशन कुणी मागत नाही, तो जो रेट लावेल तो आपण देतो. आमच्या खात्यात त्याला एक्स्ट्रा आयटम म्हणायचे आणि जाणते इंजिनियर पहिल्या दिवशी हेच बघायचे की एक्स्ट्राला जागा कुठे कुठे राहिलीय. आपल्या एस्टिमेटमध्ये तर सगळं लमसम आहे, ‘कंपाउंड पेव्हर पूर्ण’ एवढंच, किती चौरस फूट, किती जाडीचे ब्लॉक, खाली काय भरणार, जुनी फरशी काढणार की वरूनच लावणार, काहीच नाही.

ह्या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबते कारण हीच सगळ्यात गंभीर आहे. मी कॉन्ट्रॅक्टरला विचारलं, तो म्हणाला बेन, जुनं तोडायची गरज नाही, वरूनच लागेल, थई जशे, होऊन जाईल. वरून म्हणजे खडीची चुरी आणि ब्लॉक मिळून कंपाउंड सहा इंच उंच होणार. आपल्या तळमजल्याचं जोतं कंपाउंडपासून दोन फूट आहे, ते होईल दीड फूट. म्हणजे कंपाउंडमध्ये भरलेलं पावसाचं पाणी आज जिथे पायरीशी थांबतं तिथे उद्या सहा इंच आधी घरात शिरेल. पुरापासून वाचवायला काढलेल्या कामातून आपण आठ घरांना पावसाच्या पाण्याच्या सहा इंच जवळ नेणार! बाहेरच्या रस्त्यावर दरवेळी डांबराचा नवा थर चढतो आणि आपलं गेट खड्ड्यात जातं म्हणून आपणच तक्रार करतो ना, तेच आपण स्वतःच्या आवारात करायला निघालोय. शिवाय मीटर वर न्यायचे तर नवी केबल कंपाउंडमधून खोदून आणावी लागेल, ड्रेनेजचा व्हॉल्व्ह बसवायला चेंबर फोडावा लागेल, मग आधी पेव्हर लावून ते परत उखडणार का?

आपल्याच सोसायटीत हे एकदा झालंय. २०१८ च्या उन्हाळ्यात टेरेसचं वॉटरप्रूफिंग काढलं होतं, वीटतुकड्यांचा कोबा आणि वर चायना मोझॅक म्हणजे चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, काम छान चाललं होतं. अर्ध्यात कुणीतरी म्हणालं माणसं वर आहेतच तर टाक्यांचा स्टँडही नवा करू, मग म्हणालं कठडा एक फूट वाढवू. स्टँडचे पाय नव्या मोझॅकमध्ये भोकं पाडून रोवले, कठड्याच्या विटा त्याच फरशीवर उतरवल्या, आणि ते करता करता जून उजाडला, एका बाजूला कठडा आणि फरशीच्या सांध्यातलं सिमेंट भरायचं राहिलं ते राहिलंच. पहिल्याच पावसात माझ्या बेडरूमचं छत गळलं. तेव्हाच्या कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं तर तो म्हणाला गळती स्टँडमुळे आहे आणि स्टँड माझ्या कामात नव्हता, आणि कागद बघितला तर खरंच नव्हता, तोंडी सांगितलेला. सहा वर्षं मी दर पावसाळ्यात पलंग सरकवते. त्यामुळे कामात काय आहे आणि काय नाही हे लिहिलेलं नसणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको.

म्हणून माझी विनंती अशी की ह्या कामाची शीव आधी आखा. एका पानाचा कागद पुरे. त्यावर काम कशासाठी आहे ते एका वाक्यात असू दे : साडेचार फूट पाणी चढलं तरी लाईट, पंप आणि पिण्याचं पाणी चालू राहिलं पाहिजे आणि गटार घरात उलटता कामा नये. मग त्या वाक्यासाठी जे लागतं ते आत आणि जे लागत नाही ते बाहेर, इतकं सोपं होतं. गेट ह्या वाक्यात बसत नाही. रंग बसत नाही. पण लिफ्टचा कंट्रोल पॅनल कुठे आहे, त्याची केबल खालून जाते का, हे ह्या वाक्यात बसतं आणि ते मात्र कुठल्याच एस्टिमेटमध्ये नाही! पेव्हरच्या गडबडीत ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. जुन्या खोलीतून निघालेला राडारोडा कोण उचलणार आणि अर्थिंग नवं करायचं की जुनंच जोडायचं हेही लिहिलेलं नाही, उद्या तेच एक्स्ट्रा म्हणून येणार.

आणि त्याच पानावर खाली ‘ह्या कामात काय नाही’ असं ठळक लिहून गेट, पेव्हर, कॅमेरे, रंग, बाकडी, ग्रॅनाइट ही नावं घाला. मला माहितीये हे लोकांना खटकेल. पण नाव लिहून बाहेर ठेवलेलं बरं, म्हणजे माझं काम राहिलं असं पुढे कुणी म्हणणार नाही. त्यांची वेगळी वही करा, दिवाळीनंतर एकेकाचं कोटेशन घ्या, जनरल बॉडीसमोर ठेवा. कॅमेऱ्यांना तर माझं मत आत्ताच हो आहे.

काम सुरू झाल्यावरही काही ना काही निघेलच, भिंत फोडल्यावर आतून काय निघेल कुणाला माहीत, त्यासाठीच तर ६५ हजार बाजूला ठेवलेत. फक्त असा बदल कुणी एकट्याने साइटवर उभं राहून सांगायचा नाही. कॉन्ट्रॅक्टरने लिहून द्यायचं की काय वाढतंय, किती पैसे, किती दिवस, आणि तुमची, सेक्रेटरींची आणि खजिनदारांची सही झाल्याशिवाय हात लावायचा नाही. ६५ हजारांच्या वर जात असेल तर मिटिंग. आणि हे कॉन्ट्रॅक्टरला करारातच सांगा की सही नसलेल्या कामाचं बिल मिळणार नाही, मग तो स्वतःच कुणाचं ऐकणार नाही. पैसे मोजमाप घेऊन द्या, आणि ५ टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा.

वेळेचं शेवटी सांगते पण खरं तर ते पहिलं आहे. आपल्याकडे पाऊस जूनच्या उत्तरार्धात येतो. मीटर आपण हलवू शकत नाही, त्यांना वीज कंपनीचं सील असतं, अर्ज करायचा, त्यांचं एस्टिमेट येणार, ते भरायचं, मग त्यांची माणसं येणार, आणि त्याआधी खोली तयार पाहिजे, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचं काम झालेलं पाहिजे. हा अर्ज अजून गेलेला नाही! चार महिने गेट सरकतं की फोल्डिंग यावर गेले. १२ लाखांच्या कामात कॉन्ट्रॅक्टर आधी पेव्हर आणि रंग उरकणार कारण ते सोपं आणि त्यात सुटतं जास्त, आणि मीटर रूम जूनमध्ये अर्धी उघडी पडलेली असणार, केबल लोंबकळत. ती आजच्यापेक्षा वाईट अवस्था आहे.

वीज कंपनीचा अर्ज मी भरून ठेवलाय, ह्या पत्राला जोडलाय, फक्त तुमची सही आणि सोसायटीचा शिक्का लागेल. त्या एका पानाचा कच्चा मजकूरही जोडलाय, तुम्हाला हवं ते बदला. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी टेप घेऊन खाली येते, तुम्ही, सेक्रेटरी आणि तळमजल्याच्या घरांतलं कुणीतरी असं आपण रेघेपासून उंची मोजून घेऊ आणि लिफ्टची केबल कुठून जाते तेही बघून घेऊ. तोपर्यंत चेक थांबवा एवढं मात्र नक्की करा.

आपली,
अ-५०३
(सोबत : वीज कंपनीचा अर्ज, कामाच्या हद्दीचा कच्चा कागद)